पीएचडीचं काम: घरून की विभागात बसून?

तळटीप

घरून काम करावं की ऑफिसात, यावर नोकरदारांसाठी ढिगानं लिहिलं जातं. पीएचडीचं गणित वेगळं. रोजचा हिशेब कुणी मागत नाही, काम वर्षानुवर्षं चालतं, आणि ‘आज काय झालं?’ याचं खरं उत्तर बऱ्याचदा ‘काल केलेलं चुकलं होतं हे कळलं’ एवढंच असतं. त्यामुळे ‘शिस्त हवी’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. कुठलं काम कुठे चांगलं होतं, घरी बसल्यावर नेमकं काय मोडतं आणि त्यावर इलाज काय, एवढ्यावरच बोलू.

सुरुवात म्हणून माझी विभागणी. प्रकरणाचा पहिला मसुदा घरी. तो वाईटच असतो आणि कुणी बघत नसलं की हात मोकळा चालतो. दुसरा मसुदा विभागात, कारण तेव्हा ‘हा परिच्छेद वाचून काय कळलं सांग’ असं विचारायला माणूस लागतो. नवीन पद्धत शिकणं, उपकरण किंवा सॉफ्टवेअर पहिल्यांदा हाताळणं हे विभागात. त्याच पद्धतीनं पन्नासावी फाइल काढणं घरी. आकृत्यांबद्दल माझं मत अजून पक्कं नाही.

शून्यपरिकल्पना

या चर्चेत एक आकडा हमखास येतो, म्हणून आधीच त्याची जागा दाखवून देतो. एका चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला, आणि घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यातले ९ टक्के निव्वळ जास्त मिनिटं काम केल्यामुळे होते: मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले ४ टक्के मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे. पीएचडीत ‘मिनिटाला कॉल’ यासारखं मोजमापच नाही, त्यामुळे तो १३ चा आकडा इथे आणून चिकटवू नका.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र आपल्या उपयोगाची आहे. कामगिरी सारखी धरली तर घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. डोळ्यांसमोर नसलेला माणूस नावं काढताना आठवत नाही. परिषदेला कुणाला पाठवायचं, नव्या पेपरात कुणाला घ्यायचं, हे बहुधा असंच ठरतं.

पुढे त्याच कंपनीत १६१२ कर्मचाऱ्यांवर आठवड्यात दोन दिवस घरून असा प्रयोग झाला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगिरीत फरक दिसला नाही, नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशानं कमी झाले. तोही नोकरदारांवरचाच, पण अर्धवट घर-अर्धवट ऑफिस या व्यवस्थेनं निदान नुकसान होत नाही, एवढं त्यातून घेता येईल.

अर्धविराम

काम कमी होतं की जास्त, हा पीएचडीपुरता दुय्यम प्रश्न आहे. खरा प्रश्न असा की तुम्ही अडकला आहात हे कुणाच्या आणि किती दिवसांनी लक्षात येतं?

विभागात बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, पडदा दिसतो. एक साधं उदाहरण घ्या. पडद्यावर हिस्टोग्राम आहे, उजवीकडे सगळा डेटा दाटलेला आणि पार डावीकडे एकच उंच खांब. मागून जाणारा सहज विचारतो, ‘हा एकटा खांब कसला?’ तो निघतो उणे ९९९ चा. म्हणजे मोजमाप नसलेल्या जागी कुणीतरी भरून ठेवलेला संकेतांक, जो सरासरीत खऱ्या आकड्यासारखा मिसळला गेला आहे. दहा सेकंदांचा संवाद. घरी हाच खांब आठवडाभर समोर असतो आणि डोळ्यांना सरावाचा होऊन बसतो. त्या आठवड्यात माणूस मॉडेल बदलून बघतो, आरंभीच्या किमती बदलतो, दोन नवे पेपर वाचतो.

म्हणून घरी बसायचं तर अडकल्याची घंटा स्वतः बांधून घ्यावी लागते. खुणा ठरलेल्या असतात. तेच काम फक्त एक आकडा बदलून तिसऱ्यांदा चालवणं. प्रस्तावना पुन्हा वाचत बसणं. आणि सगळ्यांत फसवी म्हणजे संदर्भयादी नीटनेटकी करणं, कारण ती करताना काम केल्यासारखं छान वाटतं.

घंटा वाजली की (दोन तास ही मर्यादा बहुतेकांना पुरते) चार ओळी लिहायच्या: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय काय करून पाहिलं, आता संशय कशावर आहे. सोबत शक्य तितका छोटा नमुना. पूर्ण डेटा नको, ज्या वीस ओळींवर चूक दिसते तेवढ्याच द्या. आधी बरोबरच्या विद्यार्थ्याला पाठवा, एक दिवस उत्तर आलं नाही तर मार्गदर्शकांना. निम्म्या वेळा चौथी ओळ लिहिता लिहिताच उत्तर सापडतं आणि संदेश पाठवायची गरज राहत नाही, हा वरकड फायदा.

खिडकीपाशी

अर्धविराम, मुद्दा पटला, पण तुम्ही विभागाचं चित्र जरा रंगवलंय. बऱ्याच ठिकाणी संशोधक विद्यार्थ्यांना एका खोलीत दहा-बारा टेबलं, त्यात एक सतत फोनवर, दोघं पदवीच्या विद्यार्थ्यांच्या शंका सोडवतायत. मागून जाणारा हिस्टोग्रामकडे बघत नाही, ‘चल खाली जाऊन येऊ’ म्हणतो. सिद्धता तपासणं किंवा दुसऱ्याचा कोड समजून घेणं यात एकदा धागा तुटला की तो पुन्हा हाती यायला बराच वेळ जातो, आणि दिवसात चार वेळा तुटला की दिवस संपतो.

अर्धविराम

खोली वाईट असेल तर प्रश्नच नाही. पण मग प्रश्न ‘घर की विभाग’ असा राहत नाही, ‘कुणाच्या जवळ’ असा होतो. थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांमधला संवाद मोजला होता. टेबलांमधलं अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्यानं घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे जवळपास संपतंच. म्हणजे त्याच इमारतीत पण दुसऱ्या मजल्यावर टेबल मिळालं असेल, तर या हिशेबानं तुम्ही घरीच बसल्यासारखे आहात. येण्याजाण्याचा वेळ मात्र जातो. तुमच्या विषयावर काम करणारे दोन लोक जिथे बसतात तिथे आठवड्यातून दोन दिवस जागा मिळवा, ती कोपऱ्यातली का असेना. आणि हेडफोन घातले की ‘आत्ता नको’, हा संकेत खोलीत एकदा स्पष्ट बोलून ठरवून टाका. नुसता गृहीत धरला तर कुणी पाळत नाही.

मुंगी_सर्व्हर

संगणकावरचं काम करणाऱ्यांसाठी. घरून काम ‘होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण तांत्रिक असते, स्वभावाची नव्हे.

पहिली तक्रार: सर्व्हरवर रात्री काम लावलं, सकाळी बघितलं तर मेलेलं. कारण असं की घरचं इंटरनेट क्षणभर गेलं, एसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीची) जोडणी तुटली, टर्मिनल बंद झालं आणि त्या टर्मिनलनं सुरू केलेल्या प्रक्रियांना हँग-अपचा, म्हणजे थांबायचा, सिग्नल गेला. इलाज टीमक्स, म्हणजे सर्व्हरवर टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम. सर्व्हरवर लॉगिन झाल्यावर आधी टीमक्सचं सत्र नाव देऊन उघडा, काम त्याच्या आत सुरू करा, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर या. जोडणी तुटली तरी सत्र सर्व्हरवर जिवंत राहतं, परत येऊन त्याला जोडून घ्यायचं. सर्व्हरवर स्लर्मसारखी, सगळ्यांच्या कामांना पाळी लावणारी रांग असेल तर टीमक्सनं रांगेला बगल देऊ नका. काम रांगेतच टाका, तिथे तुमची जोडणी असली-नसली काही फरक पडत नाही.

दुसरी तक्रार: पाच-दहा मिनिटं हात लावला नाही की टर्मिनल गोठतं. घरचा राउटर किंवा मधली फायरवॉल शांत पडलेली जोडणी विसरून जाते. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ६० ठेवा. मिनिटाला एक छोटा निरोप जातो आणि जोडणी टिकते.

तिसरी: ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमधून तुकड्या-तुकड्यानं (सेल) कोड चालवायची वही. सर्व्हरवर चालवून पोर्ट घरच्या मशीनवर वळवून घेतलं की चालतं, पण ब्राउझरची खिडकी बंद झाली तर कर्नल (मागे कोड चालवणारी प्रक्रिया) चालू राहिला तरी त्या सेलचं पुढचं छापलेलं हरवू शकतं. लांबलचक कामाचे आकडे पडद्यावर छापून ठेवू नका, फाइलमध्ये लिहा. मधले टप्पेही तासा-तासानं साठवा.

आणि डेटा ने-आण करण्याआधी गुणाकार करा. घरच्या जोडणीची जाहिरात डाउनलोडची असते, अपलोड त्याहून बरंच कमी असू शकतं. शिवाय मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, मध्ये ८ नं भागायचं असतं. २० मेगाबिट अपलोडवर १०० गिगाबाइट चढवायला ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांच्या वर. तेही जोडणी पूर्ण मोकळी असेल तर. म्हणून डेटा हलवायचाच नाही, गणितं तिथे करायची आणि फक्त आलेख घरी आणायचे. हलवायचाच झाला तर आरसिंक (फाइली नक्कल करायची आज्ञा) वापरा आणि अर्धवट फाइल राखायचा पर्याय (मोठा पी) चालू ठेवा, म्हणजे तुटलं तर पहिल्यापासून सुरू होत नाही.

परवान्यांचं विसरू नका. विभागाच्या परवाना-सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर व्हीपीएन (घरून विभागाच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा) सुटलं की मध्येच थांबतात, कधी कधी सहा तासांचं सिम्युलेशन पाचव्या तासाला. काही पॅकेजमध्ये परवाना ठरावीक दिवसांसाठी आपल्या मशीनवर ‘उसना’ घेता येतो. सिस्टीम सांभाळणाऱ्यांना विचारा.

नवा_कोरा

पहिल्या वर्षाला आहे. सामाजिक शास्त्रातला विषय, मुलाखती घ्यायच्या आहेत. सर्व्हर-बिर्व्हर काही नाही, लॅपटॉप आणि फोन. मग सगळंच घरून करायला हरकत काय?

कुलूपकिल्ली

हरकत मुलाखतींचीच आहे. नैतिकता समितीला दिलेल्या अर्जात डेटा कुठे ठेवणार हे तुम्ही लिहून दिलेलं असतं. तिथे ‘विभागाच्या सर्व्हरवर’ लिहिलं असेल आणि रेकॉर्डिंग घरच्या लॅपटॉपवर सापडलं, तर तो अटीचा भंग होतो, भले लॅपटॉप कुलुपात असो. घरून काम करायचं असेल तर अर्जातच तसं लिहा. नंतर सुधारणा मंजूर करून घेण्यात आठवडे जातात.

प्रत्यक्ष गळती कुठे होते ते सांगतो. फोनवर रेकॉर्ड केलं की रेकॉर्डर ॲप किंवा फोनचा बॅकअप ती फाइल गुपचूप क्लाउडवर चढवतो. मुलाखतीआधी हे सेटिंग बंद करा आणि एक मिनिटाचं खोटं रेकॉर्डिंग करून ते क्लाउडमध्ये दिसतं का ते दुसऱ्या मशीनवरून बघा. दुसरी गळती श्रुतलेखनाची, म्हणजे आवाजाचा मजकूर करण्याची: ऑनलाइन सेवेला आवाजाची फाइल देणं म्हणजे ती तिसऱ्याच्या हाती देणं. व्हिस्परसारखं मॉडेल आपल्याच मशीनवर, इंटरनेट न लागता चालतं, ते वापरा. तिसरी अगदी घरगुती. रेकॉर्डिंग स्पीकरवर ऐकलं की घरातले सगळे तुमच्या सहभागी व्यक्तीची कहाणी ऐकतात. हेडफोन लावा. छापील प्रती रद्दीत टाकू नका.

लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी (विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट) आणि रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. बिटलॉकरची की ४८ अंकी असते, ती पाठ होत नाही. सहभागी व्यक्तींची नावं आणि त्यांना दिलेले संकेतांक जोडणारी फाइल मुलाखतींपासून वेगळी, शक्यतो विभागातच.

पेट्री

ओल्या लॅबवाल्यांचं, म्हणजे पेशी-जिवाणू वाढवणाऱ्यांचं, कुणी बोलतच नाहीये. आमच्याकडे ‘घरून’ म्हणजे पेशींना विचारून ठरवायचं. त्या प्लेटवर ७०-८० टक्के पसरल्या की पुढच्या प्लेटमध्ये जायलाच हव्यात, तुमचा लिहिण्याचा दिवस असो-नसो. त्यामुळे घरचा दिवस कॅलेंडरवर आधी टाकायचा आणि पेशी त्याच्याभोवती बसवायच्या. घरी राहायच्या आदल्या संध्याकाळी पातळ विभाजन करा, म्हणजे नव्या प्लेटमध्ये पेशी कमी टाका. नेहमी १:३ करत असाल तर १:६. तुमच्या पेशींना ते झेपतं का, हे एकदा फालतू प्लेटवर बघून ठेवा. जिवाणूंची रात्रभराची वाढ १२ ते १६ तासांची धरतात. म्हणजे संध्याकाळी सहाला लावली तर सकाळी सहा ते दहाच्या मध्ये कुणीतरी हजर हवं. ती घरच्या दिवसाच्या आदल्या रात्री लावणं हा शुद्ध वेडेपणा.

आणि लॅबमध्ये मधल्या वेळात लिहायचं, हे स्वप्न सोडा. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) दीड-दोन तास चालतो, पण त्यातली पहिली वीस मिनिटं आवरण्यात जातात आणि शेवटची वीस त्या प्रती तपासायचं जेल ओतण्यात. उरलेल्या वेळात नळ्यांवर लेबलं लावा, वहीत नोंद करा, आकृतीची ओळख लिहा. चर्चेचं प्रकरण लिहायला सलग तीन तास लागतात, आणि ते फक्त घरी मिळतात. नोंदवही मात्र त्याच दिवशी, लॅबमध्येच पुरी करायची. जेलच्या फोटोवर कुठल्या रांगेत काय घातलं ते तिथेच लिहायचं. ‘घरी जाऊन लिहू’ म्हटलेल्या फोटोतली चौथी रांग कसली, हे दोन दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

तळटीप

पेट्री, हे हवंच होतं. आता अवघड जागेचं दुखणं: मार्गदर्शकांना रोजची हजेरी हवी असेल तर?

शून्यपरिकल्पना

आधी नियम बघा. काही शिष्यवृत्त्यांना आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाला प्रत्यक्ष हजेरीची अट असते. तिथे मार्गदर्शक ‘हो’ म्हणाले तरी ते पुरत नाही. अट नसेल तर ‘घरून काम करू का?’ असं मोघम विचारू नका, त्याला ‘नको’ म्हणणं फार सोपं आहे. नेमकं मागा: सहा आठवडे, दर मंगळवार आणि गुरुवार, तिसऱ्या प्रकरणासाठी, दर शुक्रवारी दोन पानं पाठवीन. सहा आठवड्यांनी बघू. सोमवार-शुक्रवार मागू नका. हेतू कितीही चांगला असला तरी ती लांबवलेली सुट्टी दिसते.

आणि भेटीच्या आदल्या दिवशी एक पान पाठवा: काय झालं, कुठे अडलं, कोणता निर्णय तुमच्याकडून हवा आहे. यातला तिसरा मुद्दा, निर्णयाचा, सगळ्यात महत्त्वाचा. भेटीनंतर ठरलेलं पाच ओळींत मेलवर टाका. हजेरीचा आग्रह बऱ्याचदा ‘याचं काय चाललंय कळत नाही’ यातून आलेला असतो. ते पान आलं की आग्रह सैल होतो. काही मार्गदर्शक तरीही बधत नाहीत. तिथे दुपारपर्यंत ग्रंथालय आणि मग विभाग, ही वाट निघते का बघा.

भिंगरी

टेबलाबद्दल दोनच ओळी, कारण मान गेली की प्रबंध लांबतो. लॅपटॉपची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल इतकी पुस्तकं खाली रचा, कीबोर्ड-माउस वेगळे घ्या, पडदा हातभर लांब. कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले. पलंगावर बसून वाचन चालेल, टायपिंग नको.

नवा_कोरा

कुलूपकिल्ली, अर्ज अजून गेलेला नाही, त्यामुळे त्यात घरचा लॅपटॉप लिहून टाकतो. आणखी एक: विभागातला संगणक आणि घरचा लॅपटॉप दोन्हीकडे संदर्भ सारखे राहावेत म्हणून झोटेरोचं (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) पूर्ण फोल्डर क्लाउड ड्राइव्हमध्ये टाकलंय. बरोबर ना?

मुंगी_सर्व्हर

आजच बाहेर काढा. त्या फोल्डरमध्ये एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल असते. झोटेरो चालू असताना क्लाउडनं ती अर्धवट उचलली, किंवा दोन्ही मशीनवर एकदम उघडी राहिली, की ती बिघडते, आणि हे कळतं ते प्रबंध जमा करायच्या आठवड्यात. झोटेरो बंद करा, फोल्डर मूळ जागी न्या, झोटेरोचं स्वतःचं सिंक चालू करा. नोंदींना मर्यादा नाही, जोडलेल्या पीडीएफना फुकटात ३०० एमबी मिळतात. त्यापुढे विभागाकडे वेबडॅव्हची (फाइली साठवायच्या सर्व्हरवरची) जागा असेल तर ती लावता येते.

बाहेर काढण्याआधी दोन्ही मशीनवरची एकेक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. कुठली ताजी आहे ते नंतर बघू.